मावशीच्या नावापुढे दोन नावं

शिट्टीबाईंना जिंकायला आवडायचं, आणि ही गोष्ट त्यांनी कधी कुणापासून लपवली नाही. शाळेच्या बक्षीस समारंभात पाहुणे म्हणायचे, "जिंकण्यापेक्षा भाग घेणं महत्त्वाचं." मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शिट्टीबाई शेजारच्या बाईंच्या कानात पुटपुटायच्या, "कधी जिंकले नसतील बिचारे."

मुलींच्या एका शाळेत त्या खेळ शिकवत. हजेरीपुस्तकात त्यांचं चांगलं चारचौघींसारखं नाव होतं, पण पोरींपासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्या त्यांना शिट्टीबाईच म्हणत. गळ्यातली शिट्टी फक्त अंघोळीपुरती उतरते, अशी शाळेत वदंता होती. उंची सहा फुटांना बोटभर कमी आणि पाठ दाराच्या चौकटीसारखी सरळ. तरुणपणी जी काही स्थळं आली, ती मान वर करून बघून गेली आणि मान खाली घालून परत गेली. शिट्टीबाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. दादाचं चष्म्याचं दुकान होतं, दुकानावर घर होतं, घरात एक खोली त्यांची होती. वहिनीशी मेतकूट जमलेलं होतं. आणि मैदानावर दरवर्षी नवीन पोरी येतच होत्या. माणसाला आणखी काय लागतं?

मग एका वर्षी शाळेने मैदानावर नवी इमारत बांधायचं ठरवलं. मैदान गेलं तशी मैदानाच्या बाईंची गरजही संपली. सत्कार झाला, भाषणं झाली, पोरी ढसाढसा रडल्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या शिट्टीबाई धडधाकट हातपाय घेऊन घरी बसल्या. घरी बसल्या म्हणजे खरं तर घरी उभ्या राहिल्या. महिनाभरात त्यांनी दादाच्या दुकानातल्या चष्म्याच्या फ्रेम्स रंगवार लावल्या, वहिनीच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे उभे केले, आणि सकाळी सगळ्यांनी गच्चीवर यायचंच असा दंडक घातला.

एके दिवशी वहिनीने हात जोडले. "वन्सं, तुम्हाला कुठेतरी काम शोधायला हवं. नाहीतर मला तरी."

काम मात्र आपण होऊन चालत आलं. त्यांच्याच हाताखालून गेलेल्या एका मुलीचा फोन आला. ही मुलगी शाळेत असताना इतकी किडकिडीत होती की शिट्टीबाईंनीच तिचं नाव टाचणी ठेवलं होतं, आणि धावण्यात काही राम नाही म्हणून तिला संघातून काढूनही टाकलं होतं. आता टाचणी टीव्हीच्या मालिकांसाठी कपडे करायची आणि तिच्या हाताखाली आठ-दहा माणसं होती.

"बाई, तुम्ही अजून तेवढ्याच उंच आहात ना?"

"उंची काय बाजारभाव आहे का गं, उतरायला?"

"मग उद्या या. पायांत दम असलेलं माणूस हवंय."

मालिकेचं नाव होतं 'ताऱ्यांपलीकडचं बिऱ्हाड'. गोष्ट अशी, की शंभरेक कुटुंबं एका मोठ्या अंतराळयानात बसून दूरच्या ग्रहाकडे निघाली आहेत. प्रवास इतका लांबचा की यानातच पोरं जन्मतात, यानातच म्हातारी माणसं जातात. वाटेत एका उजाड चंद्रावरून एक परका जीव यानात येतो. माणसापेक्षा दीडपट उंच, राखाडी, सावकाश चालणारा. यानातली एक तान्ही पोर आईवेगळी होते, आणि कुणाला कळायच्या आत हा जीव तिला सांभाळायला लागतो. पोर बोलायला लागते ती त्याला 'मावशी' म्हणूनच. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण लेखकाने अगदी शब्दशः घेतली होती.

त्या मावशीच्या आत शिरायला माणूस हवं होतं. टाचणीने रबर आणि स्पंजचं एक प्रचंड सोंग तयार केलं होतं. सगळे त्याला 'कातडं' म्हणत. पायांना फूटभर उंचीचे लाकडी ठोकळे बांधायचे, वर कातडं चढवायचं, आत गार पाण्याच्या नळ्यांची बंडी घालायची. मावशीचं डोकं शिट्टीबाईंच्या डोक्याच्या वर यायचं. बाहेरचं दिसायचं ते मावशीच्या गळ्यावरच्या जाळीतून. पापण्या दुसराच एक जण लांबून बटणं दाबून हलवायचा. याआधी कसरती करणारे दोन दांडगे तरुण आत शिरले होते आणि तासाभरात "नको रे बाबा" म्हणत बाहेर आले होते.

शिट्टीबाईंनी कातडं सगळ्या बाजूंनी बघितलं, ठोकळे ठोकून पाहिले, आणि दिग्दर्शकाला विचारलं, "ही चालते कशी?"

"हळू."

"हळू म्हणजे? दमलेली हळू, की मोठी हळू?"

दिग्दर्शकाने डोकं खाजवलं. "मोठी हळू."

"मग ठीक आहे. मी आयुष्यभर बुटक्या पोरींच्या घोळक्यात उभी राहिलेय. कुणी पायाखाली येऊ नये म्हणून पाय कसा टाकायचा, ते मला ठाऊक आहे."

आणि त्या तशाच चालल्या. आधी टाच अलगद टेकवायची, जरा थांबून अंदाज घ्यायचा, मग वजन टाकायचं. पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यामागचे लोक हातातलं काम सोडून बघायला लागले. एवढं मोठं धूड, पण बघणाऱ्याला वाटावं की याच्या पायाखाली मुंगीसुद्धा मरणार नाही. ती चाल म्हणजेच मावशी झाली. बाकी सगळं नंतर आलं.

आवाजाचं मात्र जमेना. शिट्टीबाई आतून सगळी वाक्यं म्हणायच्या, समोरच्या नटांना त्याशिवाय बोलता आलं नसतं. पण तीस वर्षं मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचवलेला तो आवाज. "बाळा, झोप आता," असं मावशी म्हणाली की बाळाने दचकून उठून कवायत सुरू करावी. दिग्दर्शकाने चाचरत सांगितलं की आवाज दुसऱ्या कुणाचा तरी घालावा लागेल.

"घाला की. हा आवाज चार भिंतींत मावत नाही, मला माहीत आहे," शिट्टीबाई म्हणाल्या. खरोखरच त्यांना त्याचं काही वाटलं नाही. गोलंदाजाने यष्टिरक्षकाचा हेवा कशाला करायचा?

आवाज घातला तो सातच्या बाईंचा. या बाईंनी रेडिओवर कित्येक वर्षं संध्याकाळी सातच्या बातम्या दिल्या होत्या. त्यांचं नाव विसरलेले लोकही आवाज ऐकला की मान वळवायचे, असा तो आवाज. पूर आला, सरकार पडलं, तरी त्यांच्या तोंडून ऐकलं की वाटायचं, होईल सगळं नीट. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एका स्टुडिओत जाऊन आवाज ध्वनिमुद्रित करायच्या आणि घरी जायच्या. दोघींची कधी गाठ पडली नाही, आणि गाठ घालून द्यावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मालिका चालली. नुसती चालली नाही, धावली. रस्त्यावरची पोरं मावशीसारखी चालू लागली. शिट्टीबाई भाजी आणायला निघाल्या की थांबून त्यांना दुरुस्त करायच्या, "टाच आधी रे, टाच!" पोरांना वाटायचं, ही कोण आगाऊ बाई. वर्तमानपत्रांत मावशीवर लेख आले. लेखाशेजारी सातच्या बाईंचा हसरा फोटो असायचा. वहिनी ते लेख वाचून धुमसायची. शिट्टीबाई म्हणायच्या, "अगं, कातड्याचा फोटो छापलाय ना वर? तो माझाच."

असे दोन हंगाम गेले. तिसऱ्या हंगामात एक भाग असा आला की घराघरांत लोक रडले. यान वाटेतल्या एका ग्रहाजवळ येतं. ती पोर आता वयात आली आहे, तिला तिथे उतरून वस्ती करायची आहे. तिथली हवा मावशीला सोसणारी नाही. निरोपाचं एक वाक्य बोलत मावशी यानातल्या लांबच लांब मार्गिकेतून परत चालत जाते. मध्येच एकदा थांबते. वळत नाही. पुन्हा चालू लागते. बस, एवढंच.

त्या वर्षी टीव्हीच्या वार्षिक पुरस्कारांची नामांकनं जाहीर झाली, तेव्हा सगळा चमू टाचणीच्या शिवणखोलीत जमला होता. एकाने मोबाइलवरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. उत्कृष्ट मालिका, पटकथा, कला दिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा, ध्वनी. प्रत्येक नावाला आरडाओरडा. विज्ञानकथेच्या मालिकेला एवढी नामांकनं कधी मिळाली नव्हती. आणि मग सातवं आलं, "उत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्री, भूमिका मावशी." वाचणारा अडखळला. पुढे फक्त सातच्या बाईंचं नाव होतं.

 शिलाईची यंत्रं थांबली.

टाचणी रागाने लाल झाली. "हा काय प्रकार आहे? निर्मात्यांना आत्ता फोन लावते."

"थांब," शिट्टीबाई म्हणाल्या. त्यांनी मोबाइल हातात घेऊन ते नाव स्वतः वाचलं. मग परत वाचलं. मनात आलं ते त्यांनी गिळलं नाही, बोलून टाकलं. "मला वाईट वाटलंय. हे मला हवं होतं."

 अशा वेळी माणसं 'जाऊ द्या हो, पुरस्काराचं काय एवढं' असं म्हणतात आणि बाकीचे सुटतात. शिट्टीबाईंनी कुणाला सुटू दिलं नाही.

"या बाई राहतात कुठे?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्याच दिवशी त्या सातच्या बाईंच्या दारात उभ्या होत्या. दार उघडलं ते एका ठेंगण्या, गोऱ्या बाईंनी. त्यांचं डोकं शिट्टीबाईंच्या खांद्याच्याही खाली येत होतं. घरात जाड पडदे, जाड गालिचा. बाहेरच्या रस्त्याचा आवाज दारातच गळून पडत होता.

"कोण आपण?" सातच्या बाईंनी विचारलं, आणि एवढ्या दोन शब्दांनीही शिट्टीबाईंच्या अंगावर शहारा आला. मावशी त्यांच्याशी बोलत होती.

"मी मावशी," त्या म्हणाल्या.

"अहो, मावशी मी आहे."

"तुम्ही आवाज. मी बाकीची."

सातच्या बाई बघतच राहिल्या. "म्हणजे... आत माणूस असतं?"

आता बघत राहायची पाळी शिट्टीबाईंची होती. "मग काय असतं असं वाटलं तुम्हाला?"

"मला स्टुडिओत सांगितलं होतं की सांगाडा आहे, मोटारीवर चालतो. दोन मुलं दोऱ्या ओढतात म्हणाले."

"मोटार!" शिट्टीबाईंचा आवाज मैदानावर गेला. शेजारचं दार किलकिलं झालं. सातच्या बाईंनी त्यांना हाताला धरून घाईघाईने आत ओढलं.

आत बसल्यावर मात्र सातच्या बाई सावरून बसल्या. त्याही काही लेच्यापेच्या नव्हत्या. "हे बघा, मला तुमच्याबद्दल माहीत नव्हतं, हे खरं. पण नामांकन मला उगीच नाही मिळालेलं. त्या भागातलं शेवटचं वाक्य मी बावीस वेळा म्हटलं. लोक रडले ते माझ्या आवाजाने."

"आणि पायांनी?"

"पायांनी कोण रडतं हो?"

शिट्टीबाई उठल्या. त्यांनी चपला काढल्या, मधलं टेबल एका हाताने बाजूला सारलं, आणि खोलीच्या एका टोकाला जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. कातडं नव्हतं, ठोकळे नव्हते. अंगावर साधा सलवार-कुडता. खांदे जरा खाली आले, मान पुढे झाली. टाच गालिच्यावर टेकली, थांबली, वजन पडलं. दुसरं पाऊल. तिसरं.

सातच्या बाईंच्या ओठांतून नकळत ते वाक्य बाहेर पडलं. "जा बाळा. मागे मी आहे, म्हणून मागे बघू नकोस." आणि नेमक्या 'म्हणून' या शब्दापाशी शिट्टीबाई थांबल्या. सातच्या बाईही थांबल्या. मग शिट्टीबाईंचं पाऊल पडलं आणि वाक्य पुरं झालं.

शिट्टीबाईंनी टेबल परत जागेवर सरकवलं.

"तो थांबा," सातच्या बाई म्हणाल्या, "संहितेत नव्हता. मी पडद्यावर बघितला आणि माझा श्वास तिथेच अडकला. मला वाटलं, दोरी ओढणाऱ्या मुलाची चूक असणार, पण काय सुंदर चूक आहे! तुम्हाला कुणी सांगितलं होतं तिथे थांबायला?"

"कुणी नाही. मागे ती पोर उभी होती ना, त्या पोरीचं काम करणारी नटी, तिने खरंच नाक ओढलं. मला वाटलं, वळावं आणि रुमाल द्यावा. मग आठवलं, वळायचं नाहीये."

सातच्या बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "मी तीन वर्षं तुमच्या श्वासावर बोलतेय," त्या म्हणाल्या. "खांदा वर गेला की मी श्वास घ्यायची. मोटारीचा खांदा इतका छान कसा हलतो, असा प्रश्न मला मूर्खाला पडला नाही."

"आता पडला ना? मग अर्धं माझं," शिट्टीबाई म्हणाल्या.

"अर्धं?" सातच्या बाईंनी भुवया उंचावल्या. "चला, अर्धं. पण एका अटीवर. इथून पुढे मला बाई म्हणायचं नाही. ताई म्हणा. मी मोठी आहे."

"उंचीने नाही."

"वयाने म्हणतेय मी!"

निर्माते हे तसे भले गृहस्थ होते, पण त्यांचा एक पाय कायम ब्रेकवर असायचा. दोघी मिळून त्यांच्या कचेरीत गेल्या तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. प्रवेशिका भरताना श्रेयनामावलीतलं नाव उचललं होतं, आणि तिथे मावशीपुढे आवाजाचंच नाव होतं. शिट्टीबाईंचं नाव होतं शेवटी, 'शारीरिक साहाय्य' या सदरात, सुतार आणि वीजवाले यांच्या मधे. "चूक झाली, मान्य," ते म्हणाले. "पण आता खोदकाम नको. समितीने सातही नामांकनं पुन्हा तपासायला घेतली तर? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं का?"

"मग मी माझं नाव मागे घेते," सातच्या ताई म्हणाल्या.

"अजिबात नाही," शिट्टीबाई कडाडल्या. "अंतिम फेरीत पोचल्यावर मैदान सोडायचं? मी माझ्या एकाही पोरीला सोडू दिलेलं नाही. साहेब, तुम्ही फक्त पत्रावर सही करा. बोलायचं ते आम्ही बोलू."

निर्मात्यांनी दोघींकडे पाहिलं. एकीचा आवाज ऐकला की माणूस विरघळायचा, दुसरीचा ऐकला की सरळ उभा राहायचा. त्यांनी सही केली.

पुरस्कार समितीने सुनावणी ठेवली. लांबलचक टेबलापलीकडे तिघं बसले होते. एक वकील, एक ज्येष्ठ अभिनेत्री आणि एक संकलक. दादा दुकान बंद ठेवून दोघींना गाडीने घेऊन आला होता आणि बाहेरच्या बाकावर बसून दर पाच मिनिटांनी चष्मा पुसत होता.

वकिलांनी मुद्द्याला हात घातला. "नियम स्पष्ट आहे. एक भूमिका, एक व्यक्ती. आज आवाज आणि अंग वेगळं धरलं, तर उद्या कुणी घोड्यालाही नामांकन मागेल."

"घोडा चांगला पळाला असेल तर द्या की," शिट्टीबाई म्हणाल्या.

संकलक खोकल्यासारखे हसले. वकील मात्र हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. "माझा प्रश्न खरा आहे, बाई. भूमिका कुणाची, हे कसं ठरवायचं?"

प्रश्न खराच होता, आणि शिट्टीबाईंना त्याचं उत्तर येत नव्हतं. तसं त्यांनी सांगूनही टाकलं. "ते मला नाही ठरवता येणार. मला एवढंच माहीत आहे की आत मी होते."

तेव्हा ज्येष्ठ अभिनेत्रीने सुचवलं, "तो प्रसंग बघू या. आधी आवाज बंद करून. मग चित्र बंद करून."

भिंतीवरच्या पडद्यावर मावशी मुकाट चालत गेली. थांबली. गेली. चालीतच सगळं होतं, पण ती कुणाला सोडून चालली आहे, ते कळत नव्हतं. मग पडदा काळा झाला आणि नुसता आवाज आला. वाक्य सुंदर होतं, पण मधला थांबा कशासाठी, ते कळत नव्हतं. शेवटी दोन्ही एकत्र लावलं. संकलकांनी तो प्रसंग संपल्यावर आपण होऊन पुन्हा लावला. कुणी त्यांना अडवलं नाही.

समितीने निकाल लगेच नाही दिला. त्यांना बाहेरच्या लोकांचं मत घ्यायचं होतं, नियमाची भाषा बदलायची होती. मधले दिवस शिट्टीबाईंना जड गेले. वहिनीने मुद्दाम स्वयंपाकघरातले डबे अस्ताव्यस्त करून ठेवले आणि शिट्टीबाईंनी ते निमूटपणे पुन्हा उंचीप्रमाणे लावले. मग निर्मात्यांचा फोन आला. नामांकन संयुक्त झालं होतं. मावशीच्या नावापुढे दोन नावं. शिट्टीबाईंनी फोन ठेवला, खाली दुकानात गेल्या, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर काढत असलेल्या दादाला उचलून एक गिरकी घेतली. गिऱ्हाईक म्हणालं, "मला दोन-दोन दिसतायत."

समारंभाच्या संध्याकाळी मालिकेला तीन पुरस्कार मिळाले. ध्वनी, वेशभूषा आणि उत्कृष्ट मालिका. वेशभूषेचा घ्यायला टाचणी गेली आणि माइकवर म्हणाली, "शाळेत मला धावण्याच्या संघातून काढणाऱ्या बाई आता रोज माझ्या हातून कातडं चढवून घेतात. बाई, मी सूड घेतलाय." सभागृह हसलं, शिट्टीबाई सगळ्यांत मोठ्याने.

साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मात्र दुसरीकडे गेला. एका कौटुंबिक मालिकेत आंधळ्या शिक्षिकेचं काम केलेल्या बाईंना मिळाला. काम त्यांनी चांगलं केलं होतं. शिट्टीबाईंनी कडकडून टाळ्या वाजवल्या, मध्यंतरात जाऊन त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "छान केलंत. पण पुढच्या वर्षी आम्ही आहोत."

 परत येताना गाडीत शिट्टीबाई एकदम म्हणाल्या, "ताई, आपण जास्त चांगल्या होतो."

"असं बोलायचं नसतं गं," सातच्या ताई म्हणाल्या.

"नसतं. पण होतो."

सातच्या ताईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "होतो," त्या म्हणाल्या.

चौथ्या हंगामापासून सातच्या ताई चित्रीकरणाला येऊ लागल्या. कॅमेऱ्यामागे खुर्ची टाकून बसायच्या, कातडं चढत असताना शिट्टीबाईंना पाणी पाजायच्या. लेखकाने एक नवी अडचण घातली होती. मावशीला पहिल्यांदाच हसायचं होतं. परक्या चंद्रावरचा जीव हसेल कसा? दोघी जाड पडद्यांच्या त्या घरात दिवसचे दिवस हसून बघत होत्या. कधी घोड्यासारखं झालं, कधी खोकल्यासारखं. एकदा सातच्या ताईंना उचकी लागली आणि शिट्टीबाई म्हणाल्या, "हे बघा, हे जवळपास आलं!" शेवटी सापडलं ते असं. हसू गुडघ्यांतून सुरू व्हायचं, पोटातून वर चढायचं, खांद्यांना येऊन थरथरायचं, आणि सगळं अंग हसून झाल्यावर, उशिरा, लहानसा आवाज यायचा. जणू मावशीला स्वतःलाच खात्री नव्हती की याला हसणं म्हणतात. चित्रीकरणाच्या दिवशी पापण्या हलवणारा माणूस इतका हसला की बटणं दाबायची विसरला आणि तो प्रसंग पुन्हा घ्यावा लागला.

त्या भागासाठी त्यांना पुन्हा नामांकन मिळालं, आणि या वेळी पाकिटातून त्यांची नावं निघाली. दोन्ही. पायऱ्या चढताना सातच्या ताईंचा हात शिट्टीबाईंच्या कोपरात होता. माइक सातच्या ताईंच्या उंचीला खाली करावा लागला. त्या दोन मिनिटं बोलल्या आणि इतकं सुंदर बोलल्या की लोक टाळ्या वाजवायला विसरले. मग माइक बराच वर करावा लागला.

"मला फार आनंद झालाय," शिट्टीबाई म्हणाल्या. "आम्ही खूप मेहनत केली होती. हे आम्हालाच मिळायला हवं होतं."

सभागृहात हशा पिकला. सगळ्यांना वाटलं, बाईंनी काय मिश्कील विनोद केला. घरी टीव्हीसमोर बसलेल्या वहिनीने तेवढं ओळखलं. "विनोद नाही करत आहेत हो त्या," ती दादाला म्हणाली. दादा म्हणाला, "मग खोटं काय बोलली ती?" आणि चष्मा पुसायला लागला.

पाचव्या हंगामात बिऱ्हाड एकदाचं मुक्कामाला पोचलं आणि मालिका संपली. सगळी मिळून अठ्ठावीस नामांकनं, अकरा पुरस्कार. आता शिट्टीबाईंकडे दुसरी मालिका आहे, समुद्राच्या तळाशी घडणारी. तिच्यातला जीव चार पायांचा आहे. त्यामुळे हल्ली त्या सकाळी जिन्यावरून चार पायांनी खाली उतरायचा सराव करतात, डोकं पुढे आणि पार्श्वभाग वर. परवा वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू दुधाची पिशवी घेऊन चढत होते. वळणावर त्यांची आणि शिट्टीबाईंची गाठ पडली. ते भिंतीला चिकटून उभे राहिले.

"घाबरू नका," शिट्टीबाईंनी मान वर करून सांगितलं. "काम आहे माझं. या वेळी प्रमुख भूमिका आहे."

"आवाजही... तुमचाच असतो का?" त्यांनी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"छे. तो ताईंचा. आम्ही दोघी मिळून एक असतो," असं म्हणून शिट्टीबाईंनी पुढचा हात खालच्या पायरीवर अलगद टेकवला, अंदाज घेतला, आणि मग वजन टाकून उतरायला लागल्या.